विभाग नववा

"बाई, पुन्हा बोला बरं."

आई पुन्हा बोलली. "सायेब, माझी लेक हितं काम करती व्हय? तिला सांगा, आय आलीया. लई येळ न्हाई घेनार मी."

"अजून एकदा. जरा सावकाश."

आईला वाटलं सायबांना ऐकू कमी येतं. तिनं हात जोडले, आवाज चढवला आणि तिसऱ्यांदा तेच बोलली. सर टेबलावर वाकून लिहून घेत होते. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर होते. पहिल्याच वाक्याला आवाज ओळखला होता. पण टेलिफोन लाइनवर इंटरनेट चालू होतं, पान अर्धं चढलं होतं, ते तुटलं असतं. म्हणून बसून राहिले. ते पूर्ण होईपर्यंत आईला तीनदा बोलावं लागलं.

बाहेर आले तर सर हसत होते. "तुमच्या मातोश्री म्हणजे खाण आहे खाण."

आईपण हसली. तिला वाटलं, कौतुक चाललंय.

ती जामखेडकडच्या आमच्या गावाहून नगरच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला आली होती. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना डोळ्यात कपची उडालेली. तिला स्टँडवर सोडायला गेले. एसटीत बसताना म्हणाली, "तुजं सर लई चांगलं हायेत. तीनदा इचारलं मला. कोन इचारतं आपल्याला?"

गाडी सुटल्यावर मी परत कामावर गेले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. त्यानं तिकडच्या मराठी मुलांसाठी इंटरनेटवर एक मेसेज बोर्ड काढला होता. मुलांनी, त्यांच्या आईबापांनी प्रश्न लिहायचे, इथून आम्ही उत्तरं द्यायची. तेव्हा स्क्रीनवर देवनागरी सरळ दिसायची नाही, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची. बोर्डाचे विभाग सर कागदावर ठरवायचे. अभिवादन, उच्चार, व्याकरण, सुभाषितं, सणवार, असे आठ. ते स्क्रीनवर मांडायचं, कुठला प्रश्न कुठं जातो ते पाहून लावायचं, हे काम माझं. सरांना माऊस धरता यायचा नाही. पासवर्ड एकट्या माझ्याकडं.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. कॉलेजात पहिली आलेली. तरी सर मला 'ऑपरेटर बाई' म्हणायचे. बोलताना माझ्या तोंडून कधी 'हुतं' निघून गेलं की पेन खाली ठेवायचे. "तुमच्या लोकांच्या जिभेला वळणच नाही." हे बाहेरचं कुणी बसलेलं असलं तरी. चहा आला की माझी कपबशी खिडकीत वेगळी. तीन वर्षं मी त्याच बशीतून चहा प्यायले. बौद्धवाड्यातली पहिली पदवीधर मी. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास केलेली. तरी प्यायले.

आई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी कागद दिला. विभाग नववा. 'टाळावयाच्या चुका : अशिक्षित व हीन वर्गाची भाषा.' खाली आईची वाक्यं. प्रत्येकापुढं 'चूक'. त्याच्याखाली सरांचं वाक्य, पुढं 'बरोबर'. कंसात, 'वक्ता : एक मजूर स्त्री.'

मी टाइप केलं.

हे सांगायला मला आजही जड जातं. पण माझ्याच बोटांनी केलं. आईच्या तोंडची अक्षरं एकेक करून 'चूक' या शब्दापुढं बसवली. घरी भाऊ शिकत होता. नोकरी हवी होती. ही कारणं खरी आहेत. तरी केलं ते केलंच.

आठवड्यात तिकडून मजकूर येऊ लागले. लोकांना मजा वाटली होती. अजून अशी वाक्यं टाका म्हणत होते. एका मुलानं विचारलं, 'ही बाई कोण? तुमच्या घरची नोकर का?'

मी सरांना वाचून दाखवलं.

"लिहा, होय."

माझे हात कीबोर्डवर होते. ते हलले नाहीत.

"काय झालं? लिहा. नोकरवर्ग असंच बोलतो, म्हणून लिहा."

"ती माझी आई आहे, सर."

"मग काय झालं? भाषेच्या कामात आई-बाप काढू नयेत."

ते जेवायला घरी गेले. मी दार लावून घेतलं.

दुपारभर बसून मी बोर्ड मोडला आणि पुन्हा बांधला. सगळे विभाग काढले. नवे केले. जामखेड-कर्जतची मराठी. श्रीरामपूर-राहुरीची मराठी. पारनेरची मराठी. सरांचं व्याकरण, उच्चार, सुभाषितं हे सगळं एका विभागात कोंबलं आणि त्याला नाव दिलं, 'पुण्यातल्या काही घरांची मराठी.' तो विभाग सगळ्यांत खाली. आईची वाक्यं जामखेडमध्ये नेली. 'चूक' पुसलं. खाली तिचं पूर्ण नाव लिहिलं.

नववा विभाग मात्र ठेवला. त्यात सरांची वाक्यं घातली. तीन वर्षांची मला पाठ होती.

'तुमच्या लोकांच्या जिभेला वळणच नाही.' चूक.

'त्या कपाला हात लावू नका, तुमचा खिडकीत आहे.' चूक.

'नोकरवर्ग असंच बोलतो.' चूक.

'बरोबर' म्हणून प्रत्येकाखाली एकच ओळ लिहिली. हे वाक्य तोंडातून काढू नये. आणि वक्ता म्हणून सरांचं नाव, पदवीसकट. मग पासवर्ड बदलला.

तिसऱ्या दिवशी अमेरिकेहून सरांच्या मुलाचा फोन आला. सर उभ्यानंच ऐकत होते. रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो चेहरा मी नीट बघून घेतला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"हे तुम्ही केलंत?"

"मी केलं."

"इथं बसायला जागा दिली, त्याचे हे पांग फेडलेत? पासवर्ड द्या. माफी लिहून द्या."

"न्हाई."

"नाही म्हणतात." अशा वेळीसुद्धा त्यांना राहवलं नाही.

"न्हाई," मी म्हणाले, आणि पर्स उचलली.

सरांच्या मुलाला बोर्ड बंद करून नवा उभा करायला आठ दिवस लागले. आठ दिवस सरांच्या ओळखीपाळखीचे लोक तिकडं बसून ती वाक्यं वाचत होते. नगरात मात्र सरांनी सगळ्यांना सांगितलं की बाईनं चोरी केली. एकाही कॉम्प्युटर क्लासनं मला दारात उभं केलं नाही. आता श्रीरामपुरात एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

आईला सगळं सांगितलं. नववा विभागसुद्धा, मी टाइप केलं तेसुद्धा. माझ्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मी हासले गं त्येच्याम्होरं."

गेल्या महिन्यात कॉलेजातले जुने शिक्षक घरी आले होते. म्हणाले, सर अंथरुणाला खिळलेत, वय झालंय, एकदा भेटून ये, मिटवून टाक. मी त्यांना चहा दिला. सरांची विचारपूस केली. जाणार नाही म्हणून सांगितलं.

सर जातील तेव्हा नगरात शोकसभा होईल. मोठा हार, मोठा फोटो. भाषेची सेवा केली म्हणून सांगतील. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये अशी रीत आहे. मी त्या सभेला जाणार आहे. सगळ्यांची भाषणं होऊ देईन. मग उठून माइक मागेन. नाही दिला तर बिनमाइकचं बोलेन. आईला शेजारी बसवून, तिला कळेल अशा मराठीत.