पिकोसरांची एकच घाई

आमच्या पिकोसरांना चहाचा एक कप संपवायला चाळीस मिनिटं लागत. अमरावतीच्या आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे हे प्राध्यापक तासाला हमखास उशिरा येत. आणि अभ्यास कशाचा, तर द्रावणातला रेणू मोडताना मधेच जो आकार घेतो त्याचा. तो टिकतो जेमतेम काही पिकोसेकंद. सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले, तर त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद. नाव पडलं ते त्यावरून. कुणी चिडवलं तर म्हणत, "रेणू घाई करून राहिला, म्हणून मी बी करू काय?"

पद्धत ऐकायला सोपी. द्रावणाच्या बारीक धारेवर लेझरचा झटका द्यायचा, पाठोपाठ क्ष-किरणांचा, आणि ते किरण कसे विखुरतात त्यावरून रेणूचा आकार ओळखायचा. गोम अशी, की रेणू ज्यात विरघळवलेला असतो तो द्रावकही लेझरने तापतो आणि रेणूपेक्षा त्याचीच खूण मोठी उमटते. म्हणून नुसता द्रावक साधा रंग घालून तापवायचा, त्याची खूण मोजायची आणि वजा करायची. द्रावक मेथॅनॉल असला तरी सरांच्या तोंडी ते पाणीच. "पह्यले पाणी मोज, मंग रेणूच्या गोठी सांग," हे मी पीएच.डी.च्या पाच वर्षांत रोज ऐकलं.

चार नकार पचवल्यावर परदेशातल्या क्ष-किरणांच्या यंत्रावर आम्हाला तीन दिवस मिळाले. सरांनी पासपोर्टचा अर्ज सावकाश केला, त्यामुळे गेले मी एकटीच. शेवटच्या दिवशी रेणूचा आलेख इतका देखणा येत होता, की पाणी मोजायचं सोडून मी तोच पुन्हा पुन्हा घेत बसले. वजाबाकीला एका जुन्या प्रयोगातलं पाण्याचं मापन वापरलं. सरांना काही बोलले नाही.

शोधनिबंध छापून आला. त्याच्या जोरावर अकोल्याच्या एका कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीला दहा दिवस असताना सर माझे जुने आकडे पुन्हा तपासत बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हा रेणू नाही वं पोरी. हे पाणी तापेल हाये."

मी रडले, फक्त दहा दिवस थांबा म्हणून विनवलं. जन्मभर उशीर करणाऱ्या माणसाने नेमकी त्या दिवशी घाई केली. निबंध मागे घेत असल्याचं पत्र दुपारीच नियतकालिकाला गेलं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर आलेलं तेच पत्र समोर ठेवलं. सरांनी लिहिलं होतं, "द्रावकाचं मापन वगळायला विद्यार्थिनीला मीच सांगितलं होतं. चूक सर्वस्वी माझी आहे." बाई म्हणाल्या, "इतका प्रामाणिक गुरू मिळायला भाग्य लागतं." मी मान डोलावली. नोकरी लागली. पेढे घेऊन गेले, तर सरांनी एवढंच विचारलं, "रुजू कवा होतं?"

सर गेले त्याला दोन वर्षं झाली. अकोल्यात मापनातल्या चुका शिकवताना मी त्या निबंधाचं उदाहरण देते. चूक कुणाची होती, असं कुणी विचारलं की "माझ्या सरांची" म्हणते. म्हणताना लाज वाटते. पोरं हसतात, आणि मी त्यांना हसू देते.