घोटभरची उठबस

घरसामान हलवण्याच्या कामात माणूस जिन्यात कळतो. रस्त्यावर सगळेच पैलवान. वळणावर कपाट अडकलं की कोण खरंच धरतो आणि कोण नुसता "हां, घ्या, घ्या" म्हणतो, ते उघडं पडतं.

माझा जोडीदार घोटभर कधी नुसता "घ्या" म्हणाला नाही. प्रत्येक खेपेनंतर तो पाण्याचा एक घोट घ्यायचा, म्हणून घोटभर. आम्ही बाकीचे दुपारपर्यंत कोरडे राबायचो, मग बाटली उपडी करायचो आणि डुचमळत्या पोटाने फ्रिज चढवायचो.

त्याच्या आणखीही खोडी होत्या. कुठलंही सामान उचलण्याआधी तो बुटाने हलकेच ढकलून बघायचा. जड किती, कुठल्या बाजूला जड, आत काही सुटं आहे का, ते कळतं. याला तो 'विचारणं' म्हणायचा. "न विचारता कुणाला हात लावू नये," असं. मग उकिडवा बसून, पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर उठायचा. कंबरेतून वाकणाऱ्याला सगळ्यांदेखत झापायचा. डबा खाऊन झाला की बूट काढून, पाय भिंतीला लावून आडवा व्हायचा. एका घरातल्या बाईंनी काळजीने विचारलं, "यांना बरं नाही का?"

"त्यालाच बरं आहे," मी म्हटलं. "आजारी आम्ही आहोत."

खोटं नव्हतं. टोळीत कंबरेला पट्टा नसलेला तो एकटाच.

वय झालं तसं आम्ही दोघांनी बरोबरच काम सोडलं. आणि तिथे या शहाण्या माणसाने घोळ घातला. सामानाबरोबर सवयीही सोडून दिल्या. चालणं बंद, बसणं-उठणं बंद, पाणी आठवलं तर. विचारलं तर म्हणायचा, "आता उचलायचं काय आहे?" खिडकीत एक थोरली गुबगुबीत खुर्ची होती. कुणीतरी टाकून दिलेली, आम्हीच दोघांनी त्याच्या तिसऱ्या मजल्यावर चढवलेली. इमारतीला लिफ्ट नाही. त्या खुर्चीत तो जो रुतला तो रुतलाच. उठताना दोन्ही हात टेकायचे, कण्हायचं, मधेच परत पडायचं.

"भावोजी," त्याची बायको मला म्हणायची, "खुर्ची तुम्ही आणलीत. आता माणसासकट घेऊन जा."

मग वहिनीच न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं. प्रश्न पुढचा होता. लेक दुसऱ्या गावात, तळमजल्यावर राहायची. ती म्हणाली, "आई माझ्याकडे येईल. बाबा, तुम्हाला स्वतःला उठता येत नाही, तिला काय उठवणार?" किती दिवसांसाठी, ते कुणी बोललं नाही. तिला दोष नाही. ती बरोबरच बोलत होती.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिकडे सगळं छान आहे, भावोजी. खिडकी तेवढी माझी नाही. आणि भांडायला कुणी नाही."

घोटभरला ते लागलं. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती, तिच्यापुढे तो छाती काढून उभा राहिला. "जन्मभर लोकांची कपाटं चढवली. बायको चढवता येणार नाही?"

"उचलायचं नाहीच, आजोबा," ती म्हणाली. "त्या स्वतः उठतील, स्वतः चढतील. तुम्ही जवळ उभं राहायचं. तोल गेला तर सावरायचं. त्यासाठी तुमचे पाय हवेत. हात न टेकता या खुर्चीतून उठून दाखवा."

तो अर्धा उठला आणि धपकन बसला. लेक दुसरीकडे बघायला लागली. वहिनी मात्र त्याच्याकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला बोलावलं. गुबगुबीत खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घातलेला, समोर स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची.

"पाय मागे घे," मी म्हटलं. "पुढे झुक. उडी मारू नकोस, उठ."

"उठलो."

"हात टेकलास."

"नाही टेकला."

"टेकलास. पुन्हा."

तो पुन्हा बसला, पुन्हा उठला, मला शिव्या घातल्या आणि पुन्हा बसला. मग म्हणाला, "तू काय तपासनीस आहेस? घे दुसरी खुर्ची." मीही बसलो. माझेही गुडघे कुरकुरले, ते मी सांगितलं नाही.

वहिनींना जिना चढता येईपर्यंत दवाखान्यातच ठेवणार होते, तोवर रोज सकाळी हेच. जेवणानंतर जिना उतरून कोपऱ्यापर्यंत फेरी. पहिल्यांदा येताना तो जिन्याच्या वळणावरच बसला. पाण्याची बाटली परत खांद्याला आली, पाय परत भिंतीला लागले. गुडघा सुजला त्या दिवशी फेरी लहान केली, पण बुडवली नाही. चमत्कार काही झाला नाही. कण्हणं कमी झालं, एवढंच. मग एका सकाळी तो उठला आणि मला टोकायला जागा मिळाली नाही.

घरी सोडायच्या दिवशी लेक गाडी घेऊन आली होती, तिच्याकडे पलंगही तयार होता. घोटभर त्या मुलीसमोर खुर्चीत बसला. हातांची छातीवर घडी. उठला.

"आता सावकाश बसा," ती म्हणाली. "आणि परत."

तो सावकाश बसला. परत उठला. लेकीने आईकडे पाहिलं. आई चपला शोधत होती.

जिन्याच्या तळाशी घोटभर वहिनींच्या एक पाऊल मागे उभा राहिला. बोट लावलं नाही. फक्त विचारलं, "येतेस का?"

"मी काय कपाट आहे?" वहिनी म्हणाल्या. एक हात कठड्यावर, एका हातात काठी, चांगला पाय आधी. शिकवलं होतं तसंच. तो मागून एकेक पायरी, हात दोन्ही बाजूंना उघडे. त्यामागे पिशवी घेऊन मी, माझ्यामागे लेक. वळणावर सगळे थांबलो. त्याने बाटली आधी तिला दिली. तिने एक घोट घेतला, मग त्याने.

वरती पोचल्यावर वहिनी लाकडी खुर्चीत टेकल्या, दम घेतला. मग कुणाचा हात न धरता उठल्या आणि काठी टेकत खिडकीपाशी गेल्या. गुबगुबीत खुर्ची वाटेत आडवी आली.

"ही अजून इथेच?"

"जड आहे," घोटभर म्हणाला.

वहिनींनी काठीचं टोक खुर्चीला लावलं आणि हलकेच ढकललं.

"हलते की," त्या म्हणाल्या. "सरकवा, भावोजी. मला बाहेर बघायचंय."

मी पिशवी खाली ठेवली.