टर्बो भरून राहिला

आमची आत्या नवऱ्याचं नाव चारचौघांत बिनधास्त घ्यायची, पण एका गाडीचं नाव तिने जन्मभर घेतलं नाही. 'ती' म्हणायची. फार लाडात आली तर 'आपली लाल'. जुन्या बायका कुंकवाच्या धन्याला जो मान देत, तो आत्याने इटलीतल्या एका मोटारीला दिला होता. मामाजींची, म्हणजे तिच्या यजमानांची, त्याला काही हरकत नव्हती. मीही इथे नाव घेत नाही. घेतलं तर वरून बोलेल मला.

गाडी घरात आणली ती मामाजींनीच. नागपूरच्या लकडगंजात त्यांची लाकूड कापायची आरा मशीन होती. तिथे एका टायरवाल्याने कॅलेंडर दिलं आणि त्यातल्या एप्रिलच्या पानावर ही होती. लाल, बुटकी, मागे अख्ख्या रुंदीचा पंख, आणि खाली बारीक अक्षरांत तिची कुंडली. आत्याने ते पान कापून प्रताप नगरच्या घरी ओट्यावर चिकटवलं. लोकांच्या स्वयंपाकघरात अन्नपूर्णा असते, आत्याच्या स्वयंपाकघरात बारा महिने एप्रिल असायचा. पोळ्या लाटता लाटता तिने सगळं पाठ केलं. तीन लिटरहून जरा लहान इंजिन, आठ सिलिंडर, दोन टर्बो, चारशे अठ्ठ्याहत्तर घोडे, वजन जेमतेम अकराशे किलो आणि वेग ताशी तीनशे चोवीस. पाहुण्यांना चहा देताना हे आकडे ती शेजारच्या पोराचे बारावीचे मार्क सांगावेत तसे सांगायची.

गाडीत गालिचा नाही, गाणी नाहीत, दार आतून उघडायला नुसती दोरी, हे तिला फार पटलं होतं. "एवढी महागाची गाडी अन् दाराले दोरी! जे पळाले लागत नाही ते ठेवलंच नाही पाहा." याच तत्त्वावर तिने एक दिवस दिवाणखान्यातली शोकेस काढून टाकली. मामाजी आरा मशीनवरून आले तेव्हा भिंत रिकामी होती. "वजन कमी केलं," एवढंच तिने सांगितलं.

टर्बो म्हणजे काय, हे तिने माझ्या बाबांकडून, म्हणजे आपल्या धाकट्या भावाकडून समजून घेतलं. बाबा विज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून ताकद वाढते. पण पंख्याला वेग घ्यायला वेळ लागतो. पाय दाबला तरी आधी काहीच होत नाही, आणि मग गाडी एकदम पाठीत लाथ घालते. आत्याने लाटणं पोळपाटावर ठेवलं. "म्हणजे त्या टायमाले ती बिघडली नसते," ती म्हणाली. "भरून राहिली असते."

मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन, आणि मी तोतरा होतो. अजून आहे. 'म' आणि 'क', कधी कधी 'त'ही, माझ्या वाटेत दगडासारखे बसलेले असत. घरातली माणसं मायेची, त्यामुळे माझं वाक्य माझ्या आधी तेच पूर्ण करायचे. मी "म... म..." करू लागलो की आई झटकन मीठ वाढायची. मला मठ्ठा हवा असायचा. पण परत तो 'म' कोण चढणार? मी खारट वरण मुकाट्याने गिळायचो.

एकदा सगळे आत्याकडे जेवायला बसलो असताना हेच झालं. आईने मिठाची वाटी उचलली, आणि आत्याने ओट्यापाशी उभ्या उभ्या बोट वर केलं. कणकेने माखलेलं, शिक्षा करणाऱ्या मास्तरीणबाईसारखं ताठ.

"थांब वं वहिनी. त्याचा टर्बो भरून राहिला."

सगळं घर थांबलं. कुणी माझ्याकडे कीव करून पाहिलं नाही, कारण सगळे त्या बोटाकडे पाहत होते. माझ्या तोंडून "मठ्ठा!" निघाला तो इतक्या जोरात की मामाजींचा घास हातातच राहिला. आत्याने बोट खाली केलं आणि मला मठ्ठा वाढला. तो मठ्ठा काय लागला म्हणून सांगू!

त्यानंतर ते बोट माझ्यासाठी कुठेकुठे वर झालं. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही. मुलीच्या वडिलांनी विचारलं, नोकरी कुठे? कळमेश्वरच्या कारखान्यात, एवढंच सांगायचं होतं, पण 'क' बसला आडवा. सगळे सतरंजीकडे पाहू लागले. आत्याचं बोट वर. "थांबा जी, आमच्या गाडीले दोन टर्बो आहेत. भराले वेळ लागते." मुलगी खुदकन हसली. ती आज माझी बायको आहे.

आत्याची स्वतःची एकच हौस राहिली होती. "पाहाचं काही नाही, फोटो आहे घरी. तिचं ते थांबणं ऐकाचं आहे." तिच्या मुलाने, विजूदादाने, तिला मोबाइलवर आवाज ऐकवला तर तिने तो बंद करायला लावला. "डब्यातली माशी आहे ही. जवळ उभा राहून आलेला माणूस पाहिजे, अन् त्यानं सांगितलं पाहिजे."

तो माणूस मी झालो. कारखान्याने नव्या मशीनच्या ट्रेनिंगला मला इटलीला पाठवलं, आणि तिथे एका रविवारी मला 'ती' भेटली. फोनवर सांगावंसं वाटलं, पण फोन माझा जुना वैरी. त्यात बोट दिसत नाही. म्हटलं, समोर बसून सांगू. मी नागपूरला उतरलो त्याच्या आदल्या दिवशी आत्याला अर्धांगवायूचा झटका आला.

उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. विमानतळावरून तसाच दवाखान्यात गेलो. तिने ओळखलं, डोळे भरले. मी वाकून सांगायला लागलो, "आत्या, त... त..."

"ताप नाही गा तिले," विजूदादा म्हणाला.

चादरीवरचं डावं बोट हललं. थरथरत वर आलं. माझ्याकडे नाही, विजूदादाकडे.

"तिला पाहिलं," मी म्हणालो.

बोट खाली आलं नाही. तिला पुढचं हवं होतं. मग मी अडखळत सगळं सांगितलं. एका हौशी म्हाताऱ्याने आपली लाल आणली होती. माझ्या समोरून तो निघाला, त्याने पाय दाबला, आणि काहीच झालं नाही. नुसता श्वास आत घेतल्यासारखा आवाज. मला वाटलं, आता काही होत नाही. आणि मग ती गेली, आत्या. अशी गेली की माझ्या छातीत धडधडलं. मधे नर्स वेळ संपली म्हणून सांगायला आली, तीही त्या बोटाकडे पाहून दारातच थांबली. माझं शेवटचं वाक्य संपल्यावर आत्याने बोट खाली केलं, माझ्या तळहातावर.

त्या आठवड्यात ती गेली. कॅलेंडरचं पान विजूदादाने मला दिलं. आता एप्रिल आमच्या ओट्यावर असतो.

परवा एका लग्नात पंगतीला बसलो होतो. वाढपी आला, मी "म... म..." केलं, आणि त्याने अगत्याने माझ्या पानात मीठ वाढलं. मी मान वर करून पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सगळे हात जेवत होते.