खऱ्या दरवाजाने आत

“कुंपण घाला, नाहीतर मी गेटला कुलूप ठोकतो!” ईवन भडकला होता. त्याची एक मेंढी तटाच्या घळीत अडकून मेली होती.

ईवनची शेती एडिनबराच्या दक्षिणेला. त्याच्या कुरणातल्या टेकडीवर एक हिलफोर्ट, म्हणजे प्राचीन गड आहे. मी आर्किऑलॉजिस्ट; तो सांभाळणं माझं काम. गड म्हटला की आपल्याला दगडी बुरूज आठवतात. इथे तसलं काही नसतं. लोहयुगातल्या माणसांनी टेकडीभोवती खंदक खणला, त्याच मातीचा तट रचला. आता उरलाय तो गवताळ उंचवटा. कार पार्ककडून येणारे लोक थेट त्यावर चढत. गवत गेलं, पावसाने माती वाहिली, घळ पडली.

स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानात फिरायचा लोकांना हक्क आहे, त्यामुळे कुलूप बाद. स्मारक संरक्षित, त्यामुळे कुंपणासाठी खड्डेही नकोत.

“गडाचा मूळ दरवाजा शोधू या. वाट तिथून नेली की तटावर कुणी चढणार नाही,” मी माझ्या मॅनेजरला, फिओनाला म्हटलं.

“पश्चिमेला आहे की! सगळ्या नकाशांवर आहे.”

“तटातली ती फट नंतर ट्रॅक्टरसाठी पाडलेली वाटते.”

“दरवाजा निघाला नाही, तर ईवनला तोंड तू द्यायचं.”

परवानगी काढून मॅग्नेटोमीटर लावला. न खणता जमिनीखालचे बुजलेले खड्डे दाखवणारं हे यंत्र. जवळ लोखंड चालत नाही, म्हणून बेल्टपासून पिनांपर्यंत सगळं काढून कुरणात चालत राहिले. पश्चिमेच्या फटीखालून खंदक सलग गेलेला दिसला. खऱ्या दरवाजापाशी येण्याजाण्यासाठी खंदक मध्येच न खणता सोडलेला असतो. म्हणजे ती फट नंतरची.

मग घळीच्या बाजूला माजलेलं गोर्सचं काटेरी रान व्हॉलंटियर्सनी कापलं. मुळं तशीच ठेवली. तिथे पुन्हा यंत्र फिरवलं. स्क्रीनवर खंदकाची काळी रेघ आली, थांबली, आणि थोडं अंतर सोडून पुन्हा सुरू झाली.

मी कुरणातच ओरडले, चक्क मराठीत, “सापडला!”

फिओनाने स्क्रीन पाहिला. “नकाशा बदलावा लागणार,” एवढंच म्हणाली. तिच्याकडून ही मोठी शाबासकी.

घळ बाहेरून आणलेल्या मातीने भरली, वर हिरवळ बसवली. पायवाट दरवाजातून वळवली. पुढच्या वसंतात गेले, तर ईवन कुणा पाहुण्यांना सांगत होता, “हाच खरा दरवाजा. आमच्या मॅन्सीने शोधला.” मानसीचं त्याने मॅन्सी केलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. छाती फुगली होती.

लोकांना अडवलं की ते कुंपणावरून चढतात. सोपी वाट दिसली की आपसूक वळतात.