घाबरणाऱ्यांच्या दादी

दादी कुणालाही धीर द्यायच्या नाहीत, घाबरवायच्या. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. लग्न होऊन मी तिथे आले त्याच दिवशी त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि त्यांच्या सिंधी-मराठीत म्हणाल्या, "पुट, बाळा, गॅसला डरायचं, जिन्याला डरायचं, पाण्याला डरायचं. डरनेवाला घर वापस येतो." झालं! नव्या नवरीला लोक आशीर्वाद देतात, मला सूचना मिळाल्या.

ऐंशी ओलांडलेल्या, लहान चणीच्या, डोक्यावर कायम पांढरी ओढणी. देवळात निघाल्या की सिलिंडर बंद आहे का हे बघायला तीनदा परत फिरायच्या. सुनेने मिक्सर लावला की या बाहेर गॅलरीत. "पातं उडालं तर?" अहो, पातं कशाला उडेल? पण मिक्सर थांबेपर्यंत बाई आत पाऊल टाकायच्या नाहीत. सून बिचारी चटणी वाटून झाली की हाक मारायची, "मम्मी, आओ अब."

मला मात्र त्या फार आवडायच्या, कारण मी स्वतः एक नंबरची भित्री. दहा वर्षांची असताना बदलापूरला माहेरच्या घरात नदीचं पाणी शिरलं. अख्खा दिवस आम्ही चौघं पोटमाळ्यावर बसून खाली फ्रिज तरंगताना बघत होतो. तेव्हापासून गुडघाभर पाणी दिसलं तरी मी मागे फिरते. सगळे म्हणतात, "त्यात काय एवढं घाबरायचं!" दादी म्हणायच्या, "शाबास."

आणि माझ्या नवऱ्याने, नीलेशने, लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला काय बुक करावं? क्रूझ! मुंबईहून गोव्याला, जहाजातून. अंबरनाथला त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी जाऊन आलं होतं. "अगं, हॉटेलच असतं ते, फक्त तरंगतं." तरंगतं, हाच तर माझा आक्षेप होता. पण तो इतका खूश होता की माझ्या तोंडून 'नको' निघेना.

दादींना कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बॅगा पाहिल्या आणि नीलेशने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता याची काही धडगत नाही. पण दादींनी माझा हात धरला. मला त्यांच्या घरात नेलं, दार लोटलं आणि पलंगावर बसवलं.

"मी सहा साल की होती. फाळणीनंतर कराचीहून आलो, जहाजात. पाय ठेवायला जागा नव्हती. छोटा भाई होता, दहा दिवसांचा. रस्त्यातच गेला. अम्माने त्याला पाण्यात सोडला. कोणी रडलं नाही. नंतर घरात त्याची गोष्टच नाही."

मग त्यांनी मूठभर तांदूळ आणि साखर रुमालात बांधून माझ्या हातात दिली. सिंधी लोक पाण्याच्या देवाला हे वाहतात, अखो म्हणतात त्याला; टाकताना घ्यायचं त्या देवाचं नावही शिकवलं. "दर साल नदीत टाकते मी. पण तो नदीत नाही ना, पुट."

मी लगेच म्हटलं, "दादी, नीलेशला देते. तो जाईल कठड्यापाशी."

"ना! त्याला डर नाही. ज्याला डर नाही, तो फेकतो. ज्याला डर आहे, तो देतो."

बंदरावर तपासणी होती आणि बाहेरचं खाणं न्यायला मनाई. रुमाल मी डोकेदुखीच्या गोळ्यांखाली दडपला. जहाज सुटण्याआधी भोंगा वाजला आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला शिकवलं. लोक फोटो काढत होते आणि मी नारिंगी जॅकेटात हमसाहमशी रडत होते. पहिला दिवस मी खोलीतून बाहेरच पडले नाही. नीलेश पाठ चोळत म्हणत होता, "सॉरी यार, चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्यापाशी गेले. जाणं भागच होतं. चारी बाजूंनी पाणी, जमिनीचा मागमूस नाही. नीलेशने मागून माझी ओढणी आणि कुर्ता दोन्ही मुठीत धरले होते. मी डोळे घट्ट मिटले आणि मूठ भिरकावली. वारा समोरून होता हे मला कुठलं कळायला? सगळे तांदूळ तोंडावर, केसांत, शेजारच्या काकांच्या कॉफीत. गणवेशातला एक जण धावत आला, "मॅडम, यहाँ से कुछ नहीं फेंकना!"

शरमेने मेले. पण रुमालाच्या गाठीत चिमूटभर उरलं होतं. तो वळल्यावर मी खाली बसले, गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला. आता डोळे उघडे ठेवावेच लागले. त्या पाण्याला तळ असेल असं वाटेना, आणि त्यात दहा दिवसांचं बाळ. भीतीने दादींनी शिकवलेलं देवाचं नावही आठवेना. काहीतरी म्हणायला हवं म्हणून जे सुचलं ते म्हटलं आणि बोटं सोडली.

परतलो तेव्हा दादी आमच्याच पायरीवर बसल्या होत्या. मी काही लपवलं नाही. वारा, कॉफी, ओरडा, सगळं सांगितलं. "डर लगा?" त्यांनी विचारलं.

"मरणाची भीती वाटली, दादी."

"और टाकताना काय बोललीस?"

"काही आठवलंच नाही हो. 'दादींचा भाऊ' एवढंच म्हटलं."

त्यांनी माझं मनगट पकडलं. "परत बोल."

"दादींचा भाऊ."

"माझा भाई," त्या हळूच म्हणाल्या. मग ओढणीत तोंड खुपसून इतक्या मोठ्याने रडल्या की सून हातातलं टाकून धावत आली. दादींना भाऊ होता हेच तिला बिचारीला माहीत नव्हतं. "अम्माला सहन होणार नाही म्हणून त्याची गोष्ट काढायला मी डरले," दादी म्हणाल्या. "अम्मा गेली, तरी डरतच राहिले."

त्यानंतर दादी जेमतेम आठ महिने होत्या. त्या आठ महिन्यांत दूधवाला येवो, मीटर बघणारा येवो, वाट चुकलेला कुणी येवो, त्याला पाणी द्यायच्या, बसवायच्या आणि सांगायच्या, "मला एक भाऊ होता."