आत उतर म्हणणारे वस्ताद

इमाम वस्तादांनी मला पुन्हा चालायला लावलं. त्यांचं नाव आधी लिहितो, बाकीचं मागून. आमच्या गावचा, ताडकळसचा एक माणूस इथं मुंबईत गोदीवर भेटला आणि म्हणाला, "वस्ताद गेले की रे... महिना होत आला." माझा उजवा हात तेव्हा गळ्यात बांधलेला होता. पोतं अंगावर येऊन खांदा निखळला होता. डॉक्टर म्हणतात, सांधा बसलाय, हलव. हात हलत नाही. मुकादम रोज विचारतो, "उचलतोस, का दुसरा ठेवू?" गावी जाऊन वस्तादांसमोर बसायचं, एवढाच आधार मी धरून होतो.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, तेव्हाची गोष्ट. चौथीतून शाळा सोडून मी वस्तादांच्या तालमीत पडून असे. जत्रेतल्या कुस्तीत ढाक डाव लावताना पाय मोडला. हाडाला कामट्या बांधून बाजेवर पडलो. हाड जुळलं, कामट्या सुटल्या, तरी पाय टेकवायची हिंमत होईना. मग वस्ताद रोज सकाळी यायला लागले, रुमालात आखाड्याची माती बांधून. तेल, ताक, हळद मुरलेली ती माती माझ्या तळहातांना चोळायचे. "मीट डोळे. धर कुस्ती."

आई चुलीजवळून म्हणायची, "झोपल्या झोपल्या कुस्त्या! बरंय, खुराक तरी लागत न्हाई."

वस्ताद तिकडं बघायचेसुद्धा नाहीत. "काय दिसायलंय?"

"मी ढाक लावायलोय. लोक बघायलेत."

"तुजी पाठ दिसायली का?"

"हाव."

"मंग तू लोकांत बसून शेंगा खायलास! आत उतर. समोरच्याची मान दिसली पायजे."

डोळे मिटून आत उतरलो की मनात पाय पुन्हा मोडायचा. मी ओरडायचो. ते घोटा धरून म्हणायचे, "मोडला? मोडू दे. मागं फीर. परत धर, हळू... अंगठा कुठं रुतला, सांग." कितीतरी सकाळी अशाच गेल्या. मग एकदा डाव शेवटपर्यंत गेला आणि पाय तसाच राहिला. घामानं गोधडी ओली झाली होती. "आता हुबा ऱ्हा," ते म्हणाले. मनात जिथं टाच पडली होती, तिथंच ती पडली. मी दारापर्यंत गेलो. पुढं बोरी गावच्या जत्रेत कुस्ती धरली, चीतपट झालो, पण पाय टिकला. वस्तादांनी फेटा असा उडवला, जणू मीच जिंकलो.

आता खोलीत भिंतीला टेकून डोळे मिटतो... पोतं दिसतं, त्याखाली वाकलेली माझीच पाठ दिसते. आत उतरता येत नाही. हे काम सुटलं तर कुठं जाऊ? कुणाला हाक मारू?

आखाडा खणायचं काम चेल्यांचं. आता कुणी खणत नाही, माती दगडागत झालीय, असं तो ताडकळसचा माणूस सांगत होता. वस्ताद, हा हात खांद्याच्या वर गेला, की कुदळ घेऊन आधी तिथं येईन. माती मऊ होईपर्यंत खणीन. एवढं तरी फेडू द्या.