पागेची हरकत नाही

"घोड़े कहाँ हैं?" साहेबांनी फाइलीतून मान वर न काढता विचारलं.

मी म्हटलं, घोडे नाहीत साहेब. पागा मोडून कैक वर्षं झाली.

"तो एन.ओ.सी. कौन देगा?"

साहेब जबलपूरकडून नुकतेच ग्वाल्हेरला आले होते. मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि मी ज्या खात्यात ड्राफ्ट्समन होतो तिथे चार ठिकाणचे कायदे आणि चार ठिकाणचे कारकून एका खोलीत येऊन बसले. खातं कुठलं ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. वरून हुकूम एवढाच होता की नवे नियम येईपर्यंत जुने चालवा. नवे येईनात. मग आम्ही जुने काढले, धूळ झटकली आणि चालवायला घेतले.

त्यात सापडल्या कुमुदताई. शहराच्या लश्कर भागात, टोपी बाजाराच्या मागे त्यांचं बाळंतपणाचं खाजगी इस्पितळ होतं. सात खाटा आणि ऑपरेशनची एक खोली, तीही आतली, भर दुपारी अंधारी. लाइट कधीही जायची. एकदा एका बाईचं पोट उघडलेलं असताना गेली, आणि कुमुदताईंनी टॉर्चच्या उजेडात टाके घातले. बाई नशिबाने वाचली. त्याच आठवड्यात त्यांनी जनरेटर मागवला. जनरेटर म्हणजे डिझेलचं इंजिन. लाइट गेली की हँडल मारायचं, ते घरच्या घरी वीज करतं. इंजिन महिन्याभरात आलं. परवानगी काही आली नाही.

अडलं होतं झोनवर. झोन म्हणजे नकाशावर गावाला दिलेले रंग. पिवळ्यात राहा, निळ्यात दुकान थाटा, लालमध्ये कारखाना काढा. इस्पितळाची जागा आमच्या नकाशात तपकिरी होती. तपकिरी म्हणजे पागा. आणि खाली समासात संस्थानच्या काळची टीप होती, की पागेच्या हद्दीत यंत्र बसवायचं तर घोडे बुजतात, सबब पागेच्या दरोग्याचा ना-हरकत दाखला जोडावा.

तो नकाशा मी स्वतः चार वेळा ट्रेस केला होता. रंग बदलायला एक ब्रश आणि पाच मिनिटं पुरली असती. पण रंग बदलायचा अधिकार कोणाचा, हे पुनर्रचनेत ठरायचं राहून गेलं होतं. तेव्हा मी गेलो, इंजिनाच्या हँडलला सुतळी बांधली आणि वर लाखेचं सील ठोकलं.

कुमुदताई दारात उभ्या राहून बघत होत्या. "भाऊ, तुमच्या घरी कोणी बाळंत व्हायचंय का?"

मी म्हटलं, नाही.

"तरीच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शोधता शोधता दरोगा मात्र सापडले. आबासाहेब. सत्तरी ओलांडलेली, सराफ्यामागे लेकाकडे राहत. पागा बंद झाल्याचं पत्र त्यांना कोणी दिलंच नव्हतं, म्हणजे कागदोपत्री दरोगा तेच. शिक्कासुद्धा कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवलेला. मला वाटलं, चला, शिक्का मारतील, चहा पाजतील, आपण सुटलो. कशाचं काय! आबासाहेब म्हणाले, घोडा चाळीस पावलांवर उभा करायचा, इंजिन चालवायचं, घोडा बुजला नाही तर दाखला. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? पागेत एकही घोडा नसताना काय होणार, हे मी विचारलं नाही. सरकारी नोकरीत असले प्रश्न विचारत नसतात.

ठरल्या दुपारी मी बाड्याच्या चौकातून टांग्याचा घोडा इस्पितळापुढे आणवला. आबासाहेबांनी त्याच्याभोवती फेरी मारली. कानाशी टाळी वाजवली, मागे जाऊन काठी आपटली. घोडा ढिम्म. टांगेवाला खूश होऊन सांगायला लागला, की हुज़ूर, तोप चले तो भी न हिले.

आबासाहेब भडकले. "हा घोडा नाही, कारकून आहे! याच्या भरवशावर मी सही करायचा नाही. खानदानी जनावर आणा."

टेस्ट रद्द. मी डायरीत तसं लिहिलं आणि निघायला टोपी घातली. तेवढ्यात व्हरांड्यातला पंखा फिरायचा थांबला.

आत सकाळपासून एक बाई अडली होती. शेवटी तिचं पोट उघडावं लागलं होतं, हे नर्स धावत बाहेर आली तेव्हा आम्हाला कळलं. पाठोपाठ आतून कुमुदताईंचा आवाज आला. "भाऊ, सील तोडा!"

आणि मी म्हटलं, मीच म्हटलं, दुसऱ्या कोणी नाही, "बाई, टेस्ट रद्द झाली आहे. आता लेखी अर्ज लागेल."

आबासाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग काठीने सील फोडलं, सुतळी ओढून काढली आणि हँडलला हात घातला. त्यांच्याने ते फिरेना, तेव्हा टांगेवाला लगाम टाकून धावला. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. कौलांवरची कबुतरं उडाली. आत दिवे लागले. बऱ्याच वेळाने मूल रडल्याचा आवाज आला. मुलगी झाली होती, आई सुखरूप होती. मला लाज वाटत होती, आणि तरी मी घड्याळात इंजिन सुरू झाल्याची वेळ बघून ठेवली होती.

आबासाहेबांनी तिथेच पायरीवर बसून लिहिलं: घोडा बुजला नाही, पागेची हरकत नाही. खाली शिक्का. कागद माझ्या हातात ठेवला आणि काठी टेकत निघाले.

फाइल भोपाळला गेली, शंका घेऊन परत आली, पुन्हा गेली. परवानगी आली तेव्हा ती पोरगी दुडुदुडु चालायला लागली होती. अट घातली होती की दरवर्षी घोड्याची फेरतपासणी व्हावी. इंजिन तोवर रोज चालतच होतं. सीलचं काय झालं ते कोणी विचारलं नाही, कारण तुटलेल्या सीलचा फॉर्मच नव्हता.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक शिकलो, की रिपोर्ट पुरा लिहावा. माझा अपुरा राहिला. इंजिन सुरू झाल्यावर जागचे न हललेले किती, तर मी लिहिलं, एक, टांग्याचा घोडा. खरं म्हणजे आम्ही दोघे होतो.